गळ आणि सायकल

तुमसर तालुक्यातलं चिखला हे गाव बहुतेक श्रोत्यांना मॉयल कंपनीच्या मँगनीज खाणीमुळे ठाऊक असेल. खाणीतल्या पाळ्या आणि धानाची शेती यांवर चालणाऱ्या या टापूत सायकल अजून रोजच्या कामाची आहे, आणि गळ टाकून बसणारे हौशी लोकही गावोगावी भेटतात.

हे दोन्ही नाद एकाच माणसाला लागले, की त्याची ओढाताण सुरू होते. सायकलवर बसलं की थांबवत नाही आणि पाण्याकाठी बसलं की हलवत नाही. शिवाय दोन्हींची वेळ एकच. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. नऊनंतर पायडल मारणं नको होतं आणि मासाही खोल पाण्यात उतरतो. उरते ती पहाट, आणि ती कुणाला द्यायची हाच खरा प्रश्न.

नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली, पुढच्याच वर्षी सायबेरिया ओलांडणारी शर्यतही. त्या वाटेला जायचं तर गळ घरीच ठेवावा लागतो. चिखल्याच्या माणसाला मात्र मधला मार्ग आहे, आणि तो इथल्या जमिनीनेच दिलेला आहे.

कोहळी समाजाने पूर्व विदर्भात शेकडो तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, बांधल्या. मालगुजारी गेल्यावर त्यांना माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव हे नाव पडलं. गावागणिक पाणी असल्यामुळे लांबची दौड मारायची आणि वाटेतल्याच एखाद्या पाळीवर तासभर टेकायचं, हे इथे सहज जमतं. पाळीवरच्या पायवाटेवर मोटार जात नाही. सायकल जाते, आणि अडली तर खांद्यावर घेता येते.

खरी अडचण परतताना येते. गळाची काठी सायकलच्या दांडीला दोन ठिकाणी सुतळीने बांधली, की हँडल मोकळं राहतं. मासळीचं तसं नाही. मरळ, शिंगी, मागूर हे मासे हवेतूनही श्वास घेतात. ओल्या गोणपाटात गुंडाळून कॅरिअरला लावले तर घरी पोचेपर्यंत जिवंत असतात. रोहू, कटला पाण्याबाहेर फार वेळ तग धरत नाहीत आणि उन्हात झपाट्याने उतरतात. म्हणून जाणते सायकलस्वार दूरच्या तलावावर मरळीच्या मागे असतात आणि रोहूसाठी गावाजवळचं पाणी धरतात. किती किलोमीटर जायचं हे अशा वेळी पायांतल्या जोरापेक्षा मासाच ठरवतो. या हिशेबात मोठं शहाणपण आहे.

रोहूबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. हा नदीचा मासा. तलावाच्या साचलेल्या पाण्यात तो सहसा अंडी घालत नाही. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन रोहूच्या कुळातल्या भारतीय कार्प माशांचं प्रजनन यशस्वी केलं. तेव्हापासून नदीवर अवलंबून न राहता मत्स्यबीज तयार होऊ लागलं. आज तलाव ठेक्याने घेणाऱ्या मच्छीमार संस्था हे बीज विकत आणून सोडतात. तलावातल्या रोहूमागे अनेकदा मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांचा पैसा आणि वर्षभराची राखण असते. हौसेने टाकलेला गळ त्यांच्या ताटातलं ओढू शकतो. भंडाऱ्याचे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवरांना सोबत घेऊन या तलावांतल्या देशी वनस्पती आणि देशी मासे परत यावेत म्हणून काम उभं केलं. त्या कामाला हौशी माणसाची साथ हवी, अडथळा नको.

तेव्हा चिखल्याच्या वाटेने जाणाऱ्यांनी आधी संस्थेच्या माणसाला विचारावं, मगच गळ सोडावा. बोटाएवढी पिल्लं लागली तर तिथेच पाण्यात परत द्यावीत. खनिजाचे ट्रक धावतात त्या रस्त्यावर अंधारात मागे लाल दिवा लावावा. आणि पहिल्या पावसात चढणीची मासळी अंड्यांनी भरलेली असते, त्या दिवसांत गळ खुंटीला टांगून फक्त सायकल बाहेर काढावी.