डालड्याच्या डब्यातली फोर्ड

निवृत्त फौजी बोलायला बसला की लोकांना सीमेवरच्या गोष्टी हव्या असतात. आज त्या नाहीत. माझ्यासमोर टेबलावर ही एवढीशी गाडी आहे, लांबी सहा इंचांच्या आसपास. 1932 सालची फोर्ड कूप, हॉट रॉड केलेली. प्लास्टिकची आहे, अमेरिकेतल्या एएमटी कंपनीच्या किटमधली. प्रमाण एकास पंचवीस.

हॉट रॉड म्हणजे काय ते आधी सांगतो. 1932 मध्ये फोर्डनं सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-8 इंजिन बसवलं, 65 अश्वशक्तीचं. काही वर्षांनी याच गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या. कॅलिफोर्नियातली पोरं त्या घ्यायची, मडगार्ड काढून टाकायची, टप कापून खाली आणायची, इंजिन फुगवायची आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर पळवायची. दुसऱ्या महायुद्धानंतर हे वेड फार वाढलं, कारण घरी परतलेल्या सैनिकांना ट्रक आणि विमानं दुरुस्त करायची सवय झाली होती आणि खिशात पगार साठलेला होता. 1948 मध्ये या नादाचं ‘हॉट रॉड’ नावाचं मासिकही निघालं. यात फौजींचा हात आहे, हे मला फार आवडतं. मी स्वतः इन्फन्ट्रीतला. जोंगा बंद पडली की बॉनेट उघडून गंभीर चेहऱ्यानं आत बघायचं, एवढंच माझं मेकॅनिकचं ज्ञान.

हे किट आमच्या मामानं 1970 मध्ये अमेरिकेहून आणलं. आम्ही तेव्हा नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला राहायचो. मी बारा वर्षांचा, दादा सोळाचा. डब्यात सगळे सुटे भाग, वेलाला शेंगा लागाव्यात तसे प्लास्टिकच्या दांड्यांना लागलेले. दादानं पंधरा दिवस बसून गाडी जोडली. मडगार्ड लावलीच नाहीत, कारण डब्यावरच्या चित्रात नव्हती. रंग कुठून आणणार? ताईची लाल नेलपॉलिश होती, ती संपवली. त्यावरून घरात जे झालं ते सोडून देऊ.

पुढच्या वर्षी दादा मला सोडून मित्रांबरोबर मॅच बघायला गेला. मी रागानं ती गाडी गच्चीच्या कठड्यावरून खाली सोडली. खाली शहाबादी फरशी. दादा आल्यावर सांगितलं, मांजरानं पाडली. त्यानं तुकडे गोळा करून डालड्याच्या डब्यात ठेवले.

तो डबा आई गेल्यावर माळा आवरताना सापडला. दादा म्हणाला, टाकून दे. मी तो इकडे नोएडाला घेऊन आलो.

उघडला तर टायर चाकांत वितळून बसलेले. हे जुन्या किटांत हमखास होतं. टायरचं प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट रसायन घालतात, ते वर्षानुवर्षं झिरपत राहतं आणि शेजारचं कडक प्लास्टिक खातं. दुसरी अडचण जुन्या सांध्यांची. किटचा गोंद चिकटवत नाही, दोन्ही बाजू विरघळवून एकजीव करतो. ते सांधे उघडायचे तर गाडी फ्रीझरमध्ये ठेवायची. थंडीनं सांधा ठिसूळ होतो आणि हलक्या हातानं पिळला की कट्‌ करून सुटतो. मटारच्या पिशवीखाली मोटारगाडी सापडल्यावर आमच्या सौभाग्यवती काय म्हणाल्या, तेही सोडून देऊ.

एक चाक आणि एक दिवा बेपत्ता होता. सोसायटीतल्या डेंटिस्ट बाई दातांची मापं घ्यायला सिलिकॉनची पुट्टी वापरतात, ती मागून आणली. शिल्लक चाक तिच्यात दाबलं, साचा झाला, त्यात अरल्डाइट ओतलं. पहिल्या दोन चाकांत बुडबुडे आले, तिसरं जमलं. दिवाही तसाच केला. फेविक्विक मात्र काचांजवळ नेऊ नका. तिच्या वाफेनं पारदर्शक प्लास्टिकवर पांढरं धुकं धरतं.

रंगाचं म्हणाल तर दिल्लीत त्याला वर्षातून मोजके आठवडे मिळतात. मे महिन्यात रंग गाडीवर पडायच्या आत हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग रव्यासारखा होतो. जानेवारीच्या धुक्यात लॅकरवर दुधी साय येते. नोव्हेंबरच्या हवेबद्दल मी बोलायला नको.

जुना रंग काढायला ब्रेक ऑइल चालतं, हातमोजे घालून. मी डिकीपासून सुरुवात केली. नेलपॉलिश निघाली, पण खाली सुरकुत्या. नेलपॉलिशमधल्या द्रावणानं प्लास्टिकच चावलेलं होतं. सपाट करायचं तर वॉटर पेपरनं बराच थर घासावा लागणार. मी घासायला लागलो आणि त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. त्याच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, मधलं नाही. त्याच्या भाषेत, ‘समोर बसलेल्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही.’

मी वॉटर पेपर खाली ठेवला. गाडी त्याच्यासाठी करत होतो, आणि तो आता ती बोटांनी बघणार होता.

सरकारनं 2021 मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. इथे एनसीआरमध्ये पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली होती, तिथे ही सवलत मोठीच आहे. पण हॉट रॉड त्यात बसणार कशी? तिचा जन्मच फेरफारातून झालेला. मग माझ्या या गाडीचं मूळ रूप कुठलं? फोर्डच्या कारखान्यातलं, एएमटीच्या डब्यावरचं, की दादानं केलेलं? मी दादाचं धरलं. टपावरची खरखरीत नेलपॉलिश तशीच ठेवली. ओली असताना त्यानं गाडी उचलली होती, त्या अंगठ्याचा खड्डाही ठेवला. बाकी बॉडीला नवा लाल रंग दिला. दोन लाल रंग जुळत नाहीत. स्पर्धेत ठेवली तर गुण कापतील, कापू देत. सांधे मात्र बोटाला लागणार नाहीत इतके घासले आणि चाकं फिरती केली.

गेल्या दिवाळीत गाडी नगरला नेली. दादानं हातात घेतली. अंगठा टपावरून फिरला आणि पुढे सरकला. ज्या खड्ड्यासाठी मी महिनाभर झुरलो, त्याबद्दल एक अक्षर नाही. चारही चाकं फिरवून बघितली आणि म्हणाला, ‘हे मागचं जड लागतंय. नवीन आहे का?’

बरोबर होतं. बाकीची आतून पोकळ, हे भरीव. मी हो म्हणालो आणि त्या झोकात गच्चीचंही सांगून टाकलं. चोपन्न वर्षांनी.

‘ताईनं तेव्हाच सांगितलं होतं मला,’ दादा म्हणाला. ‘ती वर पापड वाळत घालत होती.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘तू सांगशील म्हणून थांबलो. मग तू गेलास फौजेत.’

वहिनींनी चहा आणला. दादा अजून गाडी चाचपत होता. डाव्या दिव्यावर बोट थांबलं. म्हणाला, हा वाकडा बसलाय, घेऊन जा आणि सरळ करून आण. म्हणून ही आज परत माझ्या टेबलावर आहे. दिवा काढलाय, कालपासून फ्रीझरमध्ये होती. आता लावून दाखवतो. कॅमेरा जरा जवळ घ्या.