थोड्या रकमेची सुरक्षित गुंतवणूक



कयाधू नदीकाठचे नरसी नामदेव हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून सर्वांना परिचित आहे. हिंगोली जिल्ह्यातील या परिसराचा प्रपंच हळद, सोयाबीन यांसारख्या पिकांवर चालतो. पैसा हंगामात एकदम येतो. खर्च मात्र बारा महिने असतो. म्हणूनच गुंतवणूक हा केवळ श्रीमंतांचा विषय आहे, हा समज दूर करणे अगत्याचे आहे. ज्याच्याजवळ थोडे आहे, त्याला ते गमावणे मुळीच परवडत नाही. तेव्हा अल्प रकमेबाबत पहिला प्रश्न सुरक्षिततेचा, दुसरा व्याजाचा.

जड व्याजाचे कर्ज असल्यास ते फेडणे हीच पहिली गुंतवणूक होय. दरमहा शेकडा ३ दराने हजार रुपयांवर वर्षाला ३६० रुपये व्याज जाते. एवढे उत्पन्न कोणतीही सुरक्षित ठेव देत नाही.

दुसरी पायरी टपाल कार्यालयाची. टपाल बचत बँकेची परंपरा १८८२ पासूनची आहे. पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत दरमहा १०० रुपयांपासून प्रारंभ करता येतो. ६० हप्त्यांत ६,००० रुपये भरले, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये लागू झालेल्या ६.७ टक्के दराने मुदतीअखेर ७,१०० रुपयांहून अधिक रक्कम हाती येते. शासन व्याजदराचा आढावा दर तिमाहीस घेते, म्हणून खाते उघडताना चालू दर विचारून घ्यावा. शेतकऱ्यास विशेष सोयीची गोष्ट ही, की हंगामात सहा किंवा बारा हप्ते आगाऊ भरता येतात व त्यावर अल्पशी सूटही मिळते.

दहा वर्षांखालील मुलीसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी योजनेत वर्षाला किमान २५० रुपये भरून खाते चालू ठेवता येते. पंधरा वर्षांच्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीसाठी ही मर्यादा ५०० रुपये आहे. म्युच्युअल फंडाच्या काही योजनाही दरमहा १०० रुपये स्वीकारतात. परंतु तेथे बाजाराबरोबर मूल्य खालीवर होते. बियाणे, औषधपाणी वा शाळेच्या शुल्कासाठी राखलेला पैसा तेथे गुंतवू नये.

येथे एक भेद नीट ध्यानी घ्यावा. बँक बुडाल्यास प्रत्येक ठेवीदाराची त्या बँकेतील ५ लाख रुपयांपर्यंतची ठेव, व्याजासह, विम्याने संरक्षित असते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून लागू आहे. सहकारी बँकांनाही हे संरक्षण आहे, पतसंस्थांना मात्र नाही. जादा व्याजाच्या मोहाने आयुष्याची पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवणाऱ्यास ती परत मिळेलच, याची हमी हा विमा देत नाही. थोड्या काळात दामदुप्पट करून देण्याचे आश्वासन तर धोक्याची सूचनाच समजावी.

या कामी शिक्षक व पंचायत सदस्य यांची जबाबदारी मोठी आहे. ग्रामसभेत या योजनांची माहिती द्यावी. पासबुकात प्रत्येक नोंद होते किंवा नाही आणि खात्यावर वारसाचे नामनिर्देशन झाले आहे किंवा नाही, हे पाहण्याची सवय लोकांना लावावी. महिला बचत गटांनी नियमित बचतीचा धडा गावोगावी घालून दिलाच आहे. यंदाची हळद विकली जाईल, तेव्हा त्या रकमेतील पहिला वाटा खर्चाआधी खात्यात जमा व्हावा. गावाच्या आर्थिक स्वावलंबनाचा आरंभ तेथूनच होईल.