होळकरांचा इतिहास भिंतीवर मांडताना
(मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गातील मुलांच्या पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच सांगतो, मी इतिहासाचा अभ्यासक नाही. माझा डिप्लोमा सिव्हिलचा, नोकरी राज्य शासनाची. वीस-बावीस वर्षं नकाशे, लेव्हल आणि बार चार्ट यांत गेली. कोणतं काम कधी सुरू होणार, कोणतं कशावर अडलंय, दोन कामं एकाच वेळी चालणार का, हे एका कागदावर दिसलं पाहिजे ही आमच्या कामाची शिस्त. (कामं त्या चार्टप्रमाणे होतातच असं नाही, पण चार्ट मात्र असतो.) मंडळाने रविवारच्या वर्गात मुलांना होळकरांचा इतिहास सांगायला सांगितलं, तेव्हा मी साहजिकच कागद आणि पट्टीच हातात घेतली.

होळकरांचा इतिहास सांगताना पहिली अडचण येते ती नावांची. मल्हारराव तीन, तुकोजी तीन, यशवंतराव दोन, आणि खंडेरावही एकच नव्हेत. आपली मुलं रोज मल्हारगंज, तुकोगंज, यशवंत निवास रोड, एम. वाय. हॉस्पिटल ही नावं घेतात. पण कोणता मल्हार, कोणता यशवंत, हे मोठ्यांनाही चटकन सांगता येत नाही. एका मुलीने मला विचारलं, "काका, मल्हारराव तर अहिल्याबाईंचे सासरे, मग महिदपूरच्या लढाईत मल्हारराव कुठून आले?" प्रश्न अगदी बरोबर होता. थोरले मल्हारराव वारले २० मे १७६६ रोजी आलमपूरला. महिदपूरची लढाई झाली २१ डिसेंबर १८१७ रोजी. तिथे गादीवर होते ते तिसरे मल्हारराव, यशवंतरावांचे पुत्र, जन्म १८०६ चा. म्हणजे वय साधारण आमच्या वर्गातल्या मुलांइतकंच. तोंडी सांगितलेलं हे सगळं पुढच्या रविवारपर्यंत टिकत नाही. भिंतीवर दिसलं तर टिकतं.

म्हणून आम्ही आधी वंशावळ काढली. ती काढताना लक्षात आलं की साध्या उभ्या रेघा पुरत नाहीत. थोरल्या मल्हाररावांचे पुत्र खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. नातू मालेराव वर्षभरही राज्य न करता १७६७ मध्ये गेले. तिथे रक्ताची रेघ थांबली. पुढचे तुकोजी हे मल्हाररावांचे पुत्र नव्हते. म्हणून पोटचा मुलगा असेल तर सलग रेघ, दत्तक किंवा कुळातून आलेला असेल तर तुटक रेघ, असं ठरवलं. मार्तंडराव दत्तक, दुसरे तुकोजीराव दत्तक. मुलांनीच मोजलं की इंदूरच्या गादीपर्यंत येताना किती वेळा रेघ तुटते. "दत्तक" हा शब्द मला वेगळा शिकवावा लागला नाही.

वंशावळीने नात्याचा गुंता सुटतो, काळाचा सुटत नाही. त्यासाठी कालपट लागतो, आणि तो मापात हवा, यावर माझा कटाक्ष आहे. शाळेच्या पुस्तकांत कालरेषा असते, पण तिथे सगळे चौकोन सारख्याच अंतरावर असतात. एका वर्षाचं राज्य आणि चाळीस वर्षांचं राज्य एकाच मापाचं दिसतं. ते मला चालत नाही. आम्ही एक वर्ष म्हणजे एक इंच असं माप धरलं. थोरल्या मल्हाररावांचा जन्म १६९३ चा, आणि होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झालं १९४८ मध्ये. म्हणजे २५५ इंच, सव्वाएकवीस फूट. आपल्या सभागृहाची पूर्वेकडची भिंत त्यासाठी लागली. खाकी कागदाचा रोल, स्केचपेन आणि सेलोटेप यांपलीकडे खर्च नाही.

मापात काढल्यावर भिंत स्वतःच काही गोष्टी सांगू लागते. अहिल्याबाईंचं राज्य अठ्ठावीस इंचांचं. मालेरावांचं एक इंचही नाही. मार्तंडरावांची केवळ एक बारीक रेघ. आणि सगळ्यांत लांब पट्टी कोणाची? दुसऱ्या तुकोजीरावांची, १८४४ ते १८८६, बेचाळीस इंच. ज्यांच्याविषयी आपण घरात सगळ्यांत कमी बोलतो! खंडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून १८७० मध्ये एक कोटी रुपयांचं कर्ज देऊ करणारे ते हेच तुकोजीराव. मुलांना हे रेल्वे प्रकरण फार आवडलं, कारण त्यांना आजीकडे जायची गाडी ठाऊक असते.

होळकरांच्या पट्टीच्या वर आम्ही पुण्याची पट्टी लावली आणि खाली इंग्रजांची. तिन्हींना मापं तीच. आता १७९४ ते १८०० या जागेकडे पाहा. फेब्रुवारी १७९४, वानवडीला महादजी शिंदे गेले. ऑगस्ट १७९५, महेश्वरला अहिल्याबाई गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव. ऑगस्ट १७९७ मध्ये तुकोजी. मार्च १८०० मध्ये नाना फडणवीस. सहा इंचांत पाच काळ्या रेघा. मी काहीही न सांगता एक मुलगा म्हणाला, "काका, इथे सगळे मोठे एकदमच गेले." पुस्तकात हे पाचही मृत्यू असतात, पण वेगवेगळ्या धड्यांत असतात, म्हणून ते एकत्र दिसत नाहीत.

लगेच दुसऱ्याने विचारलं, "म्हणून इंग्रज जिंकले का?" आणि इथे तक्त्याचा धोका सुरू होतो. दोन गोष्टी शेजारी आल्या की डोळ्याला त्यांत नातं दिसू लागतं. आमच्या वर्गात त्यासाठी एक नियम आहे. बाण काढायचा असेल तर आधी "म्हणून" असलेलं पूर्ण वाक्य बोलून दाखवायचं, आणि दुसऱ्या कोणी "कशावरून?" विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे. नाहीतर बाण नाही, नुसती पेन्सिलची रेघ.

उदाहरण घेऊ. एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. यशवंतराव पुण्यावर चालून गेले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरला त्यांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाले ते वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी तह झाला. यातला हडपसरपासून वसईपर्यंतचा बाण पक्का. विठोजींपासून पुण्याच्या स्वारीपर्यंतही बाण आहे, पण त्याच जागी आणखी दोन बाण येऊन मिळतात. १७९७ मध्ये दुसऱ्या मल्हाररावांना पुण्यात शिंद्यांच्या फौजेने मारलं होतं, आणि होळकरांच्या गादीचा वाद मिटला नव्हता. एका घटनेला एकच कारण असतं ही समजूत मुलांच्या मनातून काढायची असेल, तर एका चौकोनात शिरणारे तीन बाण पुरतात. आणि ज्या विठोजींना मारलं, त्यांचेच पुत्र हरिराव १८३४ मध्ये इंदूरच्या गादीवर आले. ते शोधायला मुलं पुन्हा वंशावळीकडे धावली.

या ठिकाणी दोन-तीन पालकांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, आणि आज तेही इथे आहेत, म्हणून उघड बोलतो. "आपापसातली भांडणं मुलांना एवढी रंगवून कशाला दाखवायची? आधीच इथे मराठी मुलं मूठभर." त्यांची काळजी मला कळते. आपल्यात ग्वाल्हेरहून आलेली घरं आहेत, पुण्याहून आलेली आहेत, महेश्वरची आहेत. हडपसरची लढाई सांगताना कोणाच्या बाजूने सांगायची, हा प्रश्न खराच आहे. माझं मत असं की दाखवायचं, आणि रंग ठरवताना नायक-खलनायक असे रंग द्यायचे नाहीत. पेशवे केशरी, शिंदे निळे, होळकर हिरवे, भोसले पिवळे, एवढंच. कोण चांगलं, कोण वाईट हे स्केचपेनने ठरत नाही.

आणि एक तक्ता तर मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. चार रकाने, तीन ओळी. रकाने पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले. ओळी १८०३, १८०४, १८१७. इंग्रजांशी कोण लढलं, तिथे खूण करायची. १८०३ मध्ये शिंदे आणि भोसले लढले, असईला, अडगावला. होळकर बाजूला राहिले, आणि पेशवे तर वसईच्या तहाने इंग्रजांकडेच. १८०४ मध्ये यशवंतराव लढले. मॉन्सनच्या फौजेची मुकुंदऱ्यापासून दाणादाण उडवली, दिल्लीला वेढा घातला, पुढे डीग, भरतपूर. पण त्या ओळीत शिंदे नाहीत, भोसले नाहीत, त्यांचे तह आदल्या वर्षीच झालेले. १८१७ मध्ये पेशवे खडकीला लढले, भोसले सीताबर्डीला, होळकर महिदपूरला. शिंद्यांचा रकाना रिकामा. ग्वाल्हेरचा तह ५ नोव्हेंबर १८१७ चा, आणि खडकीची लढाईही ५ नोव्हेंबर १८१७ चीच. तीन ओळींपैकी एकही ओळ पूर्ण भरत नाही. मी हा तक्ता लावला आणि पाच मिनिटं गप्प बसलो. रिकाम्या चौकोनांवर मुलं जेवढी बोलली, तेवढी माझ्या कोणत्याही भाषणावर बोलली नसती. तरी इथेही खबरदारी हवी: १८०३ मध्ये शिंद्यांच्या साथीला होळकर का गेले नाहीत, हे तक्ता सांगत नाही. त्यासाठी पुस्तक उघडावं लागतं. आमच्या वर्गात ते त्यानंतर उघडलं गेलं.

हे काही परदेशी फॅड आहे असं कोणी समजू नये. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली या शिक्षकाने थोरामोठ्यांच्या आयुष्यांच्या मापात काढलेल्या पट्ट्यांचा तक्ता १७६५ मध्ये छापला, तेव्हा आपले थोरले मल्हारराव हयात होते. पण आपल्याकडे वंशावळी होत्याच, शकावल्या होत्याच. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणली. ती म्हणजे सालवार नोंदींची यादीच की! तिच्यातली शिवजन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. शकात ७८ मिळवले की इसवी सन, असं मुलं पाठ करतात आणि १६२९ काढतात. पण फाल्गुन येतो तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून तिथे ७९ मिळवायचे, आणि तारीख येते १९ फेब्रुवारी १६३०. आम्ही इसवी सनाची आणि शकाची पट्टी एकाखाली एक, तीन महिने सरकवून लावली. तोंडी समजावताना माझीही दमछाक झाली असती, पट्टी पाहून मिनिटात कळलं.

आता भाषेविषयी. आपली मुलं शाळेत हिंदी नाहीतर इंग्रजी माध्यमात. पानभर मराठी वाचायचं म्हटलं की चेहरे उतरतात. तक्त्याच्या चौकोनात मात्र पाच-सहाच शब्द बसतात, आणि ते मुलांनीच लिहायचे. सुरुवातीला चिठ्ठ्या आल्या, "मल्हाररावांची मृत्यू झाली", "होळकरांची विजय झाली". हिंदीत ते शब्द स्त्रीलिंगी, म्हणून. मी लाल पेन वापरत नाही. शेजारी बरोबर लिहिलेली चिठ्ठी लावतो आणि दोन्ही मोठ्याने वाचायला लावतो. दोन महिन्यांत "मृत्यू झाला" भिंतीवर सगळीकडे झाला. चिठ्ठीत नुसतं नाव किंवा साल चालत नाही, क्रियापद हवंच. "विठोजी, १८०१" नाही. "विठोजींना पुण्यात मारलं."

आता तुमच्याकडे एक काम आहे. भिंतीवर सगळ्यांत खाली एक पट्टी कोरी ठेवली आहे, "आमचं घर" अशी. प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातला इंदूरला पहिल्यांदा आलेला माणूस तिच्यावर लावायचा आहे. "आमचे खापरपणजोबा मल्हाररावांबरोबर आले" असं आपण सहज म्हणतो. आता मोजा. एक पिढी पंचवीस-तीस वर्षांची धरली तर मल्हाररावांच्या माळव्यातल्या पहिल्या स्वाऱ्यांपासून आजपर्यंत दहा-अकरा पिढ्या होतात. खापरपणजोबा त्या पट्टीवर फार तर दुसऱ्या तुकोजीरावांच्या किंवा शिवाजीरावांच्या काळात येतात. म्हणजे कदाचित ते घोड्यावरून नव्हे, खंडव्याच्या गाडीने आले असतील, कारकुनीला किंवा शाळेत शिकवायला. त्यात कमीपणा काही नाही. होळकर कॉलेज १८९१ मध्ये निघालं, तिथे शिकवणारी आणि शिकणारी माणसंही कुठून तरी आलीच होती.

पक्कं माहीत असेल ते पेनने लिहा, ऐकीव असेल ते पेन्सिलने. माहीत नसेल तो चौकोन कोरा सोडा, मुलांकडून तो भरून घेऊ नका. ज्यांच्या घरी ऐंशीच्या पुढचं माणूस आहे, त्यांनी या आठवड्यातच बसावं, आणि प्रश्न मुलांना विचारू द्यावेत. जुनी मोडी कागदपत्रं असतील तर मूळ कागद आणू नका, मोबाईलवर फोटो काढून आणा. कोरे तक्ते दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. आजोळचा रकाना वेगळा आहे, तोही भरा. बऱ्याच घरांत इंदूरला येण्याचं कारण आईकडूनच निघतं.