भुताटकीचा वाडा आणि शोधक दृष्टि

लपविलेली वस्तु शोधून काढण्याची हौस मनुष्याला उपजतच असते. रांगणारें मूलसुद्धां आईनें पदराआड केलेला खुळखुळा हुडकून काढतें, आणि खुळखुळ्यापेक्षां तो सांपडल्याच्या आनंदानेंच अधिक हंसतें. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूच्या मुली हस्त नक्षत्र लागलें म्हणजे हादगा खेळतात. त्या खेळाची खरी गंमत फेर आणि गाणीं संपल्यावर सुरू होते. झांकलेल्या डब्यांत कोणती खिरापत आहे, हें न पाहतां ओळखावयाचें असतें. डबा हालवून आवाज ऐकावा, ‘तिखट कीं गोड’ असें विचारावें, आणि एकेक पदार्थ मनांतून बाद करीत जावें, असा तो बुद्धीचा व्यवहार आहे. डबा उघडतांच खिरापत संपते, पण ओळखल्याचा अभिमान घरीं पोंचेपर्यंत टिकतो.

आजच्या भाषणाचा विषय या जुन्या हौसेचें एक नवें रूप हा आहे. संगणकावर आणि मोबाईलवर भुताटकीच्या वाड्यांत दडलेल्या वस्तु शोधण्याचे खेळ निघाले आहेत. पडद्यावर एक जुना वाडा दिसतो. कोठें घड्याळ अवेळीं वाजतें, कोठें आरशांत दुसराच चेहरा उमटतो. खेळणारा एका खोलींत शिरतो. तेथें शेंकडों जिनसांची अडगळ असते आणि खालीं दहाबारा वस्तूंची यादी असते. खिडकीच्या चौकटीशीं एकरूप झालेली छत्री, पडद्याच्या नक्षींत मिसळलेलें फुलपाखरूं, भिंतीच्या भेगेंत उभी असलेली किल्ली, अशा वस्तु नजरेनें वेंचावयाच्या असतात. त्यांपैकीं एखादी पुढील कुलूप उघडण्यास उपयोगी पडते. कुलपेंही साधीं नसतात. चक्रें फिरवावीं, चित्राचे तुकडे जुळवावे, आंकड्यांचा क्रम ओळखावा, तेव्हां दार उघडतें. असें दालनामागून दालन ओलांडीत गेलें म्हणजे वाड्यांतील भुताची हकीकत हळूहळू उलगडते.

या प्रकाराची वंशावळ फार जुनी नाहीं. मार्टिन हॅन्डफर्ड या इंग्रज चित्रकारानें 1987 सालीं गर्दींत हरवलेल्या वॉलीला शोधण्याचें चित्रपुस्तक काढलें, आणि जगांतील मुलें पानापानावर बोट फिरवूं लागलीं. 1993 सालीं अमेरिकेंत ‘मिस्ट’ नांवाचा संगणकाचा खेळ निघाला. त्यांत निर्मनुष्य बेटावर कोडीं सोडवीत फिरावयाचें होतें. पुढें सिॲटल येथील ‘बिग फिश’ या कंपनीनें 2005 सालीं ‘मिस्टरी केस फाईल्स’ ही माला सुरू केली आणि 2006 सालीं त्या मालेंत ‘रेव्हनहर्स्ट’ हा खेळ आणला. त्यानेंच भुताटकीचा वाडा आणि वस्तुशोध यांची गांठ पक्की बांधली.

आपल्याकडील वाचकांस मात्र ही कल्पना अगदीं परकी वाटूं नये. देवकीनंदन खत्री यांनीं 1888 सालीं ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी लिहिली, तिच्यांतील तिलिस्म म्हणजे दुसरें काय आहे? गुप्त दारें, फसव्या पायऱ्या आणि खजिन्यावरचा पहारा यांचें तें कोडेंच होतें. मराठींत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनीं आणि नारायण धारपांच्या भयकथांनीं वाचकांच्या पिढ्या जाग्या ठेविल्या. अलीकडे 2018 सालीं आलेल्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटांतही कोंकणांतला जुना वाडा आणि त्यांतील शापित धन हाच विषय होता. पहिल्या खेपेस त्यास बेताचेच प्रेक्षक लाभले. 2024 सालीं तो पुन्हां लागला तेव्हां मात्र लोकांनीं पहिल्यापेक्षां अधिक गर्दी केली. म्हणजे वाडा, भूत आणि लपलेलें धन या त्रयीची मोहिनी अद्याप ओसरलेली नाहीं.

हे खेळ खेळतें कोण? हातांत बंदूक घेऊन शत्रू टिपण्याच्या खेळांचे चाहते बहुधा तरुण मुलगे असतात. पण वस्तुशोधाच्या खेळांची भक्ति मध्यम वयाच्या आणि उतारवयाच्या स्त्रियांत अधिक आढळते. याचें कारण उघड आहे. येथें घाई नाहीं, हार नाहीं, मेल्यावर पुन्हां आरंभापासून सुरुवात नाहीं. चुलीवर दूध ठेवून उठावें, परत यावें, तों वाडा होता तसाच उभा असतो. अडलें तर एक सूचनेचें बटण असतें. तें दाबलें कीं हवी ती वस्तु चमकते. मात्र पुन्हां दाबण्यापूर्वीं थोडें थांबावें लागतें. उगाच ठिकठिकाणीं बोट मारीत सुटणारास कांहीं खेळांत शिक्षाही होते. उतावळेपणाला दंड आणि निरीक्षणाला बक्षीस, असा हा न्याय आहे.

या खेळाडूंची पारखही कडक असते. चित्रें सुबक असावींत, वस्तु लपलेली असावी पण अंधारांत बुडविलेली नसावी, कोडें कठीण असावें पण त्याचा धागा कोठें तरी हातीं लागावा, अशा त्यांच्या अपेक्षा आहेत. त्यांचें सर्वांत मोठें गाऱ्हाणें तर्कविसंगतीचें असतें. हातांत कात्री असतां दोरी कापण्यासाठीं चाकूच पाहिजे. एकदां वापरलेला हातोडा लगेच नाहींसा होतो. दार उघडण्यासाठीं भंगलेल्या पदकाचे तीन तुकडे तीन टोकांस शोधावे लागतात. घरमालकानें आपल्याच घराचें कुलूप असें कां केलें असेल, हा प्रश्न त्यांना पडतो, आणि तो योग्यच आहे. दुसरें गाऱ्हाणें पुनरुक्तीचें. तीच पळविलेली बहीण, तेंच धुकें, तोच काळा झगा घातलेला दुष्ट! भूत कितीही भयंकर असलें तरी दहाव्यांदा तेंच आलें म्हणजे तें पाहुण्यासारखें वाटूं लागतें.

मराठी खेळाडूपुढें आणखी एक कोडें असतें, आणि तें भाषेचें. सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यांतील कुंडलसारख्या गांवीं हा खेळ आला तरी त्यांतील यादी इंग्रजीच असते. इंग्रजी वाचणारा नातू आणि वस्तु ओळखणारी आजी अशी जोडी जमली म्हणजे मोठी मौज होते. यादींत ‘बॅट’ असतें, नातू चेंडूफळीची फळी शोधीत बसतो, आणि आजी म्हणते, “अरे बाळा, तें बघ आढ्याला वटवाघूळ लोंबतंय, तें तर नसेल?” ‘नेल’ म्हणजे खिळा कीं नख? ‘क्रेन’ म्हणजे पक्षी कीं ओझें उचलणारी यारी? एका शब्दाच्या पोटांत दोन अर्थ कसे राहतात, हें व्याकरणाच्या पुस्तकापेक्षां येथें लवकर ध्यानांत येतें. आपल्या भाषेंतही ही संपत्ति थोडी नाहीं. पान विड्याचें, पुस्तकाचें आणि जेवणाचेंही. माळ गळ्यांतली आणि गुरें चरावयाची. हार फुलांचा आणि कुस्तींतलीही. कोणी मराठी कारागीर असा खेळ रचील तर त्याला ओटी, माजघर, पडवी, माळा आणि बळद अशीं दालनें मिळतील. घंगाळ, अडकित्ता, फुंकणी, रवी, समई आणि पानपुडा अशा वस्तु मिळतील. यांतील कित्येक शब्द आज मुलांच्या कानांवरून जात नाहींत. त्यांच्या शोधाच्या निमित्तानें ते वांचतील, हा लाभ लहान नव्हे.

दडवण्याच्या जागांचीही या भागास उणीव नाहीं. सांगलीजवळील हरिपूर येथें जमिनींत खोल पेवें खणून त्यांत हळद साठविण्याची रीत होती; 2005 सालच्या महापुरानें त्यांतील पुष्कळ पेवें निकामी केलीं. स्वतः कुंडलचें नांव तर लपण्याच्या आणि शोधण्याच्या एका मोठ्या प्रकरणाशीं जोडलेलें आहे. 1943 पासून 1946 पर्यंत चाललेल्या प्रतिसरकारच्या चळवळीचें हें गांव प्रमुख केंद्र होतें, क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड येथलेच. क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांचे सहकारी या मुलखांत भूमिगत राहून काम करीत होते. पोलिस शोधीत होते. परंतु भुयारापेक्षां आणि तळघरापेक्षां पक्की अशी एक जागा त्यांच्या यादींत नव्हती, ती म्हणजे गांवकऱ्यांचें मौन. भाकरी पोंचविणारी बाई आणि वाट न सांगणारा गुराखी यांच्यापुढें सरकारची शोधक दृष्टि आंधळी ठरली.

आतां मुख्य प्रश्न. ज्या समाजांत भूत, करणी आणि गुप्तधन यांवर अजूनही विश्वास ठेवणारे लोक आहेत, तेथें भुताटकीचा खेळ मुलांच्या हातीं द्यावा काय? ही शंका पोकळ नाहीं. पुरलेल्या धनाच्या लोभानें अमावास्येच्या रात्रीं घरांत खड्डे खणणारे आणि त्यासाठीं मांत्रिकाला पैसे चारणारे लोक महाराष्ट्रांत निघतात. कित्येकदां त्यांतून अघोरी गुन्हेही घडले आहेत. याच कारणास्तव 2013 सालीं झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यांत, गुप्तधनाच्या शोधासाठीं केलेलीं अमानुष कृत्यें गुन्हा म्हणून नमूद झालीं. त्यांस सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पांच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्या कायद्यासाठीं झटलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर हे साताऱ्याचे. त्याच वर्षीं 20 ऑगस्ट रोजीं पुण्यांत त्यांची हत्या झाली. खरोखरच जमिनींत धन सांपडलें तर काय करावें, हें तर 1878 च्या कायद्यानेंच सांगून ठेविलें आहे: दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावें. त्यांत मंत्राचा उल्लेख नाहीं.

कुंडलशेजारच्या किर्लोस्करवाडींत, 1910 सालीं माळरानावर वसलेल्या त्या कारखान्याच्या गांवीं, ‘किर्लोस्कर’ मासिकानें बुवाबाजीवर आणि खुळ्या समजुतींवर टीका करणारें लेखन छापलें. त्याच कसोटीवर हे खेळ घासून पाहिले तर काय दिसतें? खेळांत भूत असतें, पण तें मंत्रानें वश होत नाहीं. कोंबडें कापून कुलूप उघडत नाहीं. किल्लीच शोधावी लागते. पुरावा जुळवावा, चूक झाल्यास पुन्हां पाहावें, हीच रीत तेथें चालते. ‘रेव्हनहर्स्ट’ मधील एम्मा ही एक शिक्षिका. लग्नास नकार दिला म्हणून एका पुरुषानें तिला वाड्यांत कोंडिलें. खेळणारानें तिच्या रोजनिशीचे तुकडे जुळविले म्हणजे तिच्यावरील अन्याय उजेडांत येतो आणि तिचा आत्मा मुक्त होतो. एखाद्या एकाकी बाईला हडळ किंवा चेटकीण ठरवून छळणारा मनुष्य आणि तिची हकीकत शांतपणें शेवटपर्यंत वाचणारा खेळाडू, यांत कोणाची वृत्ति अंगीं बाणावी, हें श्रोत्यांस सांगावयास नको. भुताची भीति दाखवून मुलांस झोंपविणाऱ्या घरांपेक्षां भुताची चौकशी करावयास शिकविणारें घर केव्हांही बरें.

खरा धोका निराळ्या बाजूनें येतो. पूर्वीं असे खेळ पहिला एक तास फुकट खेळावयास मिळत, आणि आवडल्यास एकदांच पैसे देऊन विकत घेतां येत. देणेंघेणें उघड होतें. मोबाईलवरील पुष्कळ खेळ मात्र फुकट म्हणून हातीं पडतात. कांहीं खोल्या पाहून झाल्या कीं शक्ति संपली असें सांगतात. थांबा, नाहीं तर पैसे द्या. बर्लिन येथील कंपनीचा 2017 सालचा ‘जून्स जर्नी’ याच धर्तीचा आहे, आणि त्याच्या खेळाडूंचें मोठें गाऱ्हाणेंही हेंच. आणखी थोडें द्या, पुढच्याच दारामागें ठेवा आहे! हें बोलणें ऐकल्यासारखें वाटतें ना? गुप्तधनवाला मांत्रिकही हेंच बोलतो: एक अमावास्या आणखी, एक हजार आणखी. पडद्यावरील भुतापासून घरास भय नाहीं. लोभाचा हप्ता बांधणाऱ्यापासून आहे, मग तो राख फांसून येवो कीं मोबाईलमधून येवो.

म्हणून वडील माणसांनीं हा खेळ सरसकट निषिद्ध मानूं नये, आणि मुलाच्या हातीं मोबाईल देऊन स्वस्थही बसूं नये. शेजारीं बसून खेळावें. वेळ ठरवून घ्यावा. सूचनेचें बटण सर्वांत शेवटीं दाबावें, आणि पैसे मागणारें बटण मुळींच दाबूं नये. प्रत्येक वस्तूला मराठींत काय म्हणतात तें मुलास विचारावें. वीज नसेल त्या संध्याकाळीं परातींत पंधरावीस जिनसा मांडून, मिनिटभर पाहूं देऊन वर फडकें टाकावें, आणि काय काय होतें तें सांगावयास लावावें. रुड्यार्ड किप्लिंगच्या ‘किम’ या 1901 सालच्या कादंबरींत सिमल्याचा एक जवाहिऱ्या किमला असाच खेळ शिकवितो, आणि बालवीर पथकांनीं तो पुढें उचलला. त्यास यंत्र लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. उघडे डोळे आणि स्थिर मन एवढेंच लागतें. तें ज्या मुलास लहानपणीं लाभलें, त्याला पुढें कोणी ‘तुझ्या परसांत हंडा पुरला आहे’ असें सांगितलें, तर तो कुदळ आणण्यापूर्वीं पुरावा मागेल.