पिंजरा नसलेला पोपट
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



आमच्या घरात कॉकटील मोकळा फिरतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. मुलं मला विचारतात, "काका, आम्हीही पोपट पाळू? पिंजरा नाही आणणार!"

पहिली गोष्ट : आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट पाळूच नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 प्रमाणे तो गुन्हा आहे; पिंजरा नसला तरीही. कॉकटील हा त्याचाच भाऊबंद, पण मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तो पाळता येतो.

मात्र पिंजरा गेला की सगळं घरच सांभाळावं लागतं. पक्षी उडत असताना पंखा बंद, अगदी मे महिन्यातही! खिडक्यांना जाळी, आरशावर कापड, पाण्याच्या बादलीवर झाकण. नॉनस्टिक तवा आम्ही काढून टाकला. तो फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. चॉकलेट तर विषच. आणि हा पाहुणा 15-20 वर्षं राहतो. पहिलीतल्या मुलासाठी आणाल, तर मुलगा नोकरीला लागेपर्यंत त्याचं करावं लागेल.

एवढं जमणार नसेल तर हिरमुसू नका. पंपहाउसमागच्या वठलेल्या झाडाच्या ढोलीत पोपटांचं बिऱ्हाड आहेच. ते झाड पाडायचा विषय येत्या सर्वसाधारण सभेत आहे. धोक्याच्या फांद्या जरूर छाटा, पण खोड राहू द्या, एवढीच माझी विनंती. पिंजरा नाही, पंख्याची भीती नाही, आणि पोपट सगळ्या सोसायटीचा!