दोन बेस गिटारी आणि आपले कान
(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मुलांच्या वाद्यवृंदात कीबोर्ड आहे, ढोलक-तबला आहे, गाणाऱ्या मुली आहेत. नाही ती फक्त बेस गिटार. रौप्यमहोत्सवाच्या वर्गणीतून ती घ्यावी असं सभेत निघालं आणि लगेच दोन प्रश्न आले. पहिला : दोन गिटारी दिसायला सारख्याच, मग एक दुसरीच्या पाच-सहा पट महाग काहून? दुसरा तळमजल्यावरच्या आजींचा : "बेस म्हणजे तोच ना बापा, वरातीतला, ज्यानं खिडक्या थरथरतात?" वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव इथल्या ऑर्केस्ट्रांत मी बरीच वर्षं बेस वाजवला, म्हणून उत्तराचं काम माझ्याकडे आलं.

आधी आजींचा प्रश्न. काळी एक पट्टीत गाणाऱ्याच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार सेकंदाला साधारण ६९ कंपनं करते. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१. म्हणजे बेस हा खर्जाच्या शेजारचाच, जरा खाली राहणारा. तंबोरा गायकाला आधार देतो, बेस सगळ्या वाद्यवृंदाला देतो. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत. त्या काळची गाणी पुन्हा ऐकाल तेव्हा मिनिटभर गायकाकडे दुर्लक्ष करा आणि खालचा स्वर कुठं चाललाय ते बघा. खिडकी थरथरणार नाही, पण गाणं चालतं ते त्याच्याच पायांनी.

आता या दोन गिटारी. दोन्हींचा साचा एकच. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. १९५७ मध्ये त्याच्या पिकअपचे दोन तुकडे केले, त्यामुळे विजेची गुणगुण कमी झाली. आजही 'जुन्या धाटणीचा' बेस म्हणून जो विकतात तो बहुतेक हाच साचा. यातली एक नागपूरच्या मित्राची मूळ फेंडर, मागून आणलेली. दुसरी त्याच आकाराची स्वस्त गिटार.

तंबोऱ्यात भोपळा आवाज वाढवतो. इथं भोपळा नाही, भरीव लाकूड आहे. तारेखालच्या पिकअपमध्ये लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. पोलादी तार हलली की त्यात विजेचा बारीक प्रवाह उठतो आणि तोच अ‍ॅम्पकडे जातो. म्हणून आवाजात पहिला वाटा तारेचा, पिकअपचा आणि बोटांचा. लाकडाचा नंबर त्यांच्यानंतर. आपल्याकडच्या खंजेरीचंच बघा. एकाच मापाच्या दोन खंजेऱ्या, पण पावसाळ्यात कातडं सैल पडलं की कडं कितीही भारी असो, बोल उठत नाही.

तुलना करताना एक काळजी घेतली आहे. दोन्हींना एकाच प्रकारच्या नव्या तारा, एकच अ‍ॅम्प आणि आवाजाची पातळी सारखी. कारण जे थोडं मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं. दुकानात हीच गंमत होते.

(इथे दोन्ही गिटारी पडद्यामागून वाजवून दाखवल्या आणि श्रोत्यांना महाग कोणती ते हात वर करून सांगायला सांगितलं.)

बघा, हात निम्मे-निम्मे. आता यातली एकच गिटार वाजवतो. बोटं आधी मानेजवळ, मग मागच्या घोडीजवळ. मग टोनचं बटण बंद. शेवटी घोडीजवळ तारांखाली भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा.

(वाजवून दाखवलं.)

आता सगळ्यांचे हात एकदम! मानेजवळ गोल, घोडीजवळ टणक, स्पंज लावला की 'डुम' वाजून लगेच थांबणारा. ही युक्ती माझी नाही, त्या जुन्या गिटारींवर झाकणाखाली स्पंजची पट्टीच असायची. तारांचंही तसंच. गोल वेढ्याच्या तारा झणझणीत वाजतात, सपाट वेढ्याच्या मऊ. डेट्रॉईटच्या मोटाऊन कंपनीचे प्रसिद्ध वादक जेम्स जेमरसन १९६२ च्या प्रिसिजनवर सपाट तारा लावत आणि उजव्या हाताचं एकच बोट वापरत.

मग महाग गिटारमध्ये काहीच नाही का? आहे. तिचा प्रत्येक स्वर सारख्या ताकदीनं निघतो, पट्ट्यांच्या कडा हाताला लागत नाहीत, खुंट्या सरकत नाहीत. रोज तीन तास वाजवणाऱ्याला याची किंमत कळते. आठवड्यातून एकदा वाजवणाऱ्या मुलांना स्वस्त गिटार नीट लावून घेतली की पुरते. लावून घेणं मात्र टाळू नका. आपला मे महिना आणि आपला जुलै यांत लाकडाची मान वाकते. तिच्यातली सळई वर्षातून दोनदा जाणकाराकडून फिरवून घ्यावी लागेल.

आता आपला हॉल. तो ३० फूट लांब, २० फूट रुंद. या मापाच्या खोलीत ५५-५६ कंपनांचा स्वर लांबीतही घुमतो आणि रुंदीतही. आणि बेसच्या दुसऱ्या जाड तारेचा मोकळा स्वर नेमका ५५ चा! म्हणून तो एकच स्वर अंगावर येतो. अ‍ॅम्प कोपऱ्यात ठेवला तर दुप्पट त्रास. तो कोपऱ्यातून बाहेर काढायचा, स्टुलावर ठेवायचा, खालचं बटण कमी करायचं. जाड स्वर भिंतीतून सहज पलीकडे जातो. तळमजल्यावर आजारी माणसं आहेत, वर दहावीची मुलं आहेत. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कायदा नसता तरी शेजार आहेच.

तेव्हा माझी सूचना अशी. स्वस्त गिटार घ्यावी. वाचलेल्या पैशांतून सपाट तारांचा एक संच, एक छोटा बेस अ‍ॅम्प आणि वर्षभराची देखभाल. सराव रविवारी संध्याकाळी ५ ते ७, त्यापुढे नाही. पहिल्या सरावाला तळमजल्यावरच्या आजींनी आपल्या घरातच बसावं आणि आवाज किती ठेवायचा ते त्यांनी सांगावं. त्या सांगतील तिथं मी बटणावर रंगाची खूण करीन, आणि मुलांनी ती ओलांडायची नाही.

ही सूचना पटली तर येत्या सभेत मंजूर करावी, ही विनंती.