गाडी कोण झिजवतो?

ताम्हिणी घाटात गाडी दामटली तर ती झिजते काय? झिजते. गार इंजिनात तेल घट्ट असते. ते सगळीकडे पोचण्याआधी जोर दिला, तर धातूवर धातू घासतो. अर्धा क्लच दाबून चढ चढला, की प्लेट जळते. वेग दुप्पट झाला, की थांबताना ब्रेकला चौपट उष्णता सोसावी लागते. मालक म्हणतो, चालकाने गाडी मोडली. आम्ही संघटनेची माणसे विचारतो, त्याला घाई कोणी लावली? १९६१ च्या कायद्याने मोटार कामगाराला आठ तासांचा दिवस दिला. पण मजुरी खेपेवर ठरली, की तो दिवस कागदावरच राहतो. जळलेली प्लेट बदलता येते. झिजलेला माणूस कोठून बदलणार?